डीव्हीआरचं घड्याळ चुकतंय? आधी फरक लिहून घ्या, मग हात लावा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या बोळातून एका घरासमोरची मोपेड चोरीला गेली. पोरानं पावणेसातला लावली होती, सव्वासातला बाहेर आला तर जागा मोकळी. समोरच्या काकूंच्या दारावर कॅमेरा आहे आणि त्याची नजर थेट त्याच जागेवर. सगळे जमले, पडद्यावर पावणेसात ते सव्वासात हा अर्धा तास दोनदा बघितला. गाडी कुठंच नाही. निष्कर्ष काय निघाला, तर पोरानं गाडी इथं लावलीच नव्हती. त्याला घरात बरीच बोलणी खावी लागली.

बारा दिवसांनी काकूंकडं दुसऱ्याच कामाला गेलो होतो. सहज मॉनिटरवरची वेळ बघितली आणि खिशातला मोबाइल काढला. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र डिस्कवर साठवणारं यंत्र, २६ मिनिटं मागं होता. म्हणजे खरी पावणेसातची वेळ पडद्यावर सहा वाजून १९ मिनिटांना होती आणि आम्ही बघितला तो सगळा चोरीनंतरचा भाग. पुन्हा शोधायला गेलो तर त्या तारखेचं रेकॉर्डिंग पुसलं गेलं होतं. चार कॅमेरे आणि १ टीबीची डिस्क, सुमारे ११ दिवस मावतात. आम्ही एका दिवसानं चुकलो.

कॅमेरा चांगला, चित्र स्वच्छ, डिस्क शाबूत, आणि तरी उपयोग शून्य. तेव्हापासून नात्यात, शेजारी, तालमीच्या चौकात कुठंही डीव्हीआर दिसला की मी आधी त्याचं घड्याळ बघतो. हे काम कुणालाही जमतं. फक्त क्रम चुकवू नका.

पहिलं काम: फरक मोजा आणि कागदावर लिहा

मी शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. आमच्याकडं मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, पूर्ण मिटवल्यावर शून्य दाखवत नसेल तर आम्ही तो फेकून देत नाही. किती चुकतोय ते बघतो, लिहून ठेवतो आणि प्रत्येक मापातून तेवढं वजा किंवा अधिक करतो. याला आम्ही झिरो एरर म्हणतो. चूक किती आहे हे माहीत असलेलं हत्यार वापरता येतं, माहीत नसलेलं वापरता येत नाही. डीव्हीआरचं तंतोतंत तसंच आहे.

बहुतेकजण वेळ चुकलेली दिसली की लगेच मेन्यूत जाऊन ती बरोबर करतात. तसं केलं की डिस्कवर आधीपासून असलेल्या दहा-अकरा दिवसांच्या रेकॉर्डिंगचा फरक कायमचा हरवतो. चित्रावर उमटलेली वेळ मागाहून बदलत नाही. आज घड्याळ दुरुस्त केलंत म्हणून काल चुकीचा पडलेला शिक्का सुधारत नाही. म्हणून आधी मोजणी.

मोजायची माझी पद्धत अशी. मोबाइलच्या सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू आहे ना, ते बघा. मग सेकंद दिसणारं घड्याळ मोबाइलवर उघडून कॅमेऱ्यासमोर जवळ उभे राहा आणि पडदा कॅमेऱ्याकडं करून अर्धा मिनिट स्थिर धरा. आत येऊन डीव्हीआरला जोडलेल्या मॉनिटरवर ते रेकॉर्डिंग लावा. चित्रात मोबाइलची वेळ आणि कोपऱ्यात डीव्हीआरची वेळ, दोन्ही एकाच चौकटीत मिळतात. पडद्यावरची अक्षरं उजेडामुळं वाचता येत नसतील तर एका हातानं ठळक खूण करा, समजा बरोबर सात वाजून शून्य सेकंदाला हात वर करा, आणि रेकॉर्डिंगमध्ये हात कधी वर गेला ते बघा.

मोबाइलमधल्या कॅमेऱ्याच्या अ‍ॅपवर थेट चित्र बघून फरक मोजू नका. ते चित्र इंटरनेटवरून फिरून येतं, त्यात काही सेकंदांचा उशीर असतो आणि तो दर वेळी वेगळा असतो.

मग वहीत लिहा: तारीख, खरी वेळ, डीव्हीआरची वेळ, किती मागं किंवा पुढं. मोबाइलवर त्या चौकटीचा फोटोही काढून ठेवा.

घटना आधीच घडून गेली असेल आणि कुणीतरी मध्येच घड्याळ बदललं असेल, तर काय? तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये अशी गोष्ट शोधा, जिची खरी वेळ दुसरीकडं नोंदलेली आहे. दुकान असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे यूपीआय. गिऱ्हाईक क्यूआर कोडसमोर मोबाइल धरतंय ते चित्रात दिसतं आणि पैसे आल्याची वेळ तुमच्या व्यवहारांच्या यादीत असते. घरी असाल तर फाटकात उभं राहून घेतलेला फोन आठवा, त्याची वेळ कॉलच्या यादीत सापडते. ६ मे २०२२ ला, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी १० वाजता सगळं कोल्हापूर १०० सेकंद स्तब्ध उभं राहिलं होतं. त्या संध्याकाळी आमच्या चौकातलं रेकॉर्डिंग बघताना माणसं थांबली तो क्षण पडद्यावर ९ वाजून ५३ मिनिटांवर सापडला. सात मिनिटं मागं, हे वेगळं मोजावंच लागलं नाही.

आकडा काय सांगतो ते ओळखा

फरक किती आहे यावरून दुखणं बहुधा लगेच कळतं.

बरोबर अडीच तास पुढं असेल तर घड्याळात काहीही बिघाड नाही. यंत्र चीनच्या वेळेवर, म्हणजे जीएमटी (ग्रीनिचची प्रमाणवेळ) अधिक ८ वर राहिलंय. आपली वेळ जीएमटी अधिक साडेपाच. बरोबर साडेपाच तास मागं असेल तर टाइम झोन शून्यावर आहे. अर्धा तास मागं किंवा पुढं असेल तर बसवणाऱ्यानं यादीतून अधिक ५ किंवा अधिक ६ निवडलंय. ही चूक मी फार ठिकाणी बघितली, कारण यादीत साडेपाच शोधायला बरंच खाली जावं लागतं. एक तासाचा फरक असेल तर डीएसटी नावाचा पर्याय चालू राहिलाय. तो उन्हाळ्यात घड्याळ पुढं करणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडं ती पद्धत नाही, सरळ बंद करा. बारा तासांचा फरक म्हणजे वेळ हातानं भरताना सकाळ-संध्याकाळची गल्लत.

बारा तासांचा फरक सोडला तर या सगळ्यांत हातानं वेळ पुढं-मागं करणं हा चुकीचा उपाय आहे. टाइम झोन दुरुस्त करा. नाहीतर पुढं इंटरनेटवरून वेळ घ्यायला लागलात की ती पुन्हा तेवढीच चुकेल.

लाइट जाऊन आल्यावर तारीख १ जानेवारी २००० किंवा १९७० अशी कुठंतरी लांब गेली असेल, तर आतला सेल संपलाय. काही यंत्रं तारीख सोडत नाहीत, पण लाइट जितका वेळ नव्हती तितकी मागं राहतात. तोही सेलचाच प्रश्न.

आणि फरक काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा असेल आणि हळूहळू वाढत असेल, तर तो खरा ड्रिफ्ट, म्हणजे घड्याळाची चाल. खात्री करायला आज फरक लिहा, दहा दिवसांनी पुन्हा लिहा. दहा दिवसांत १५ सेकंद वाढला तर दिवसाला दीड सेकंद, महिन्याला पाऊण मिनिट.

हे होतं कशामुळं

डीव्हीआरच्या बोर्डावर क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक असतो. घड्याळासाठी वापरतात तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे: दोनाला दोननं गुणत पंधराव्या घाताला गेलं की तो मिळतो, म्हणजे उलट पंधरा वेळा निम्मं केलं की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. पण साध्या स्फटिकात दहा लाखांमागं २० ची चूक चालवून घेतात. ऐकायला क्षुल्लक वाटतं. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, त्यावर हिशेब करा: दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला ५२ सेकंद, वर्षाला साडेदहा मिनिटं. काकूंचा डीव्हीआर बसवून तीन वर्षं झाली होती आणि मधे कुणी घड्याळाला हात लावला नव्हता. २६ मिनिटं आली कुठून, ते यात आलं. यंत्र बिघडलेलं नव्हतं, त्याच्याकडं कुणी बघितलं नव्हतं.

दुसरं कारण उष्णता. हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सगळ्यात जलद चालतो. त्यापेक्षा गरम झाला तरी मंदावतो, थंड झाला तरी मंदावतो. आपल्याकडं डीव्हीआर कुठं ठेवतात? माळ्यावर, पत्र्याखाली, नाहीतर टीव्हीच्या कपाटात सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर. आतला बोर्ड ४५ अंशांवर गेला की एवढ्यानंच दिवसाला सेकंदभर घड्याळ मागं पडतं. मार्च ते मे ही भर रोज पडत राहते. मोकळ्या जागी, चारी बाजूंनी चार बोटं हवा राहील असा ठेवा. डिस्कचं आयुष्यही त्यानं वाढतं.

मोबाइललाही असाच स्फटिक असतो. पण तो नेटवर्ककडून वेळ विचारून स्वतःला सतत सुधारून घेतो. आपल्याला डीव्हीआरला तेच शिकवायचंय.

खरा उपाय: वेळ इंटरनेटवरून घ्यायला लावा

याला एनटीपी म्हणतात. डीव्हीआर ठरावीक वेळानं वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला विचारतो आणि आपलं घड्याळ जुळवतो. हे १९८५ पासून वापरात आहे आणि गेल्या कित्येक वर्षांतल्या जवळपास प्रत्येक डीव्हीआरमध्ये ही सोय असते. ती चालू करणं मात्र राहून जातं.

आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड हातात घ्या. पुष्कळ घरांत तो फक्त बसवून गेलेल्या माणसाकडं असतो. त्याला फोन करून मागून घ्या, तुमच्या वहीत लिहा आणि जमल्यास बदलून टाका. घर तुमचं, रेकॉर्डिंग तुमचं, किल्लीही तुमच्याकडंच हवी.

डीव्हीआरच्या मागं राउटरची लॅनची वायर लागलेली आहे आणि तिथला दिवा लुकलुकतोय, हे बघा. मेन्यूत जाऊन जनरल किंवा सिस्टिम उघडा, त्यात डेट अँड टाइम. नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, पण टाइम झोन आणि एनटीपी हे दोन शब्द बहुतेक ठिकाणी तेच असतात. काही यंत्रांत एनटीपी नेटवर्कच्या मेन्यूत ठेवलेलं असतं, इथं नसेल तर तिकडं बघा.

टाइम झोन अधिक ५:३० करा. डीएसटी बंद करा. तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष ठेवा, कारण महिना आधी असला की ५ जून आणि ६ मे यांत हमखास घोटाळा होतो. वेळ चोवीस तासांची ठेवा.

आता एनटीपी चालू करा. सर्व्हरच्या चौकोनात आधीपासून काहीतरी लिहिलेलं असतं. ते पुसून मी आपल्या देशातला पत्ता घालतो. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ सांभाळते, तिचा सर्व्हर आहे: टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. टाइपताना इंग्रजी छोटी अक्षरं, मधे कुठंही जागा नाही, ‘डॉट’च्या जागी फक्त टिंब. तो उत्तर देत नसेल तर राष्ट्रीय सूचना केंद्राचा समय१ डॉट एनआयसी डॉट इन वापरा. इथं ‘समय’ हा आपलाच शब्द इंग्रजी अक्षरांत, पाठोपाठ चिकटून १ हा आकडा. पोर्ट १२३ असतो, तो तसाच राहू द्या. किती वेळानं जुळवायचं तिथं ६० मिनिटं ठेवा.

सेव्ह करण्याआधी अपडेट किंवा टेस्ट असं बटण असेल तर ते दाबा. वेळ झटक्यात जुळली तर काम झालं. नाही जुळली तर दहातल्या आठ वेळा अडचण नेटवर्कच्या मेन्यूत सापडते: डीव्हीआरला आयपी पत्ता हातानं दिलेला असतो आणि डीएनएसचा रकाना रिकामा किंवा चुकीचा असतो. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सोय. ती नसेल तर सर्व्हरचं नाव कितीही बरोबर टाइपलं तरी यंत्राला तो सापडत नाही. तिथं ८.८.८.८ घाला, गेटवेमध्ये राउटरचा पत्ता आहे ना ते बघा आणि पुन्हा टेस्ट करा.

प्रमाणवेळेवरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावरची. कोल्हापूर साधारण ७४.२ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळापेक्षा ३३ मिनिटं मागं चालतो. आमच्या एका काकांना डीव्हीआर पुढं गेलाय असं वाटायचं, कारण जुन्या अंदाजानं बाराला डोक्यावर येणारं ऊन साडेबारा ओलांडून येतंय. डीव्हीआर बरोबर होता.

घड्याळ मागं नेताना जपून

डीव्हीआर मागं पडलेला असेल तर दुरुस्तीनंतर घड्याळ पुढं उडी मारतं. रेकॉर्डिंगच्या पट्टीवर तेवढी रिकामी जागा दिसते, नुकसान काही नाही.

पण डीव्हीआर पुढं असेल तर दुरुस्तीत तो मागं येतो आणि एकच वेळ दोनदा रेकॉर्ड होते. दहा मिनिटं पुढं असेल तर त्या दहा मिनिटांची दोन चित्रं एकाच नावानं डिस्कवर बसतात. काही यंत्रं त्यातलं एकच दाखवतात. म्हणून आधी, गरजेचं काही असेल तर ते पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. मग मेन्यूतून रेकॉर्डिंग बंद करा, घड्याळ दुरुस्त करा, तो दहा मिनिटांचा काळ ओलांडू द्या आणि रेकॉर्डिंग पुन्हा चालू करा. चालू केलंय ना, हे दोनदा बघा. फरक अडीच तासांचा असेल तर एवढा वेळ कॅमेरे बंद ठेवणं बरं नव्हे. तेव्हा रेकॉर्डिंग उतरवून घ्या, दुरुस्ती करून टाका आणि त्या दिवसाची नोंद वहीत ठेवा.

सेल बदलायचा असेल तर

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या भागात कितीतरी दिवस लाइट नव्हती. लाइट आली तेव्हा आमच्या एका पाहुण्यांचा डीव्हीआर २००० सालात जाऊन बसला होता आणि पुढचं महिन्याभराचं रेकॉर्डिंग त्याच जुन्या तारखांखाली पडत राहिलं. इंटरनेट चालू असेल तर एनटीपी ही चूक भरून काढतं, पण पुराच्या दिवसांत इंटरनेटही असेलच असं नाही. म्हणून सेल चांगला हवा.

तो बहुधा सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा चपटा बटण सेल. लहान यंत्रांत सीआर १२२० ही सापडतो. जुना काढून त्याच नंबरचा आणा.

डीव्हीआरला बाहेरून १२ व्होल्टचा अडॅप्टर लागत असेल तरच घरी उघडा. घरातली लाइटची वायर थेट यंत्रात जात असेल तर ते काम दुरुस्तीवाल्याचं. वॉरंटी बाकी असेल तरीही उघडू नका. आधी मेन्यूतून शटडाउन, मग अडॅप्टर काढा, पाच मिनिटं थांबा. आत हात घालण्याआधी यंत्राच्या उघड्या पत्र्याला बोट लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. डिस्कच्या वायरी ओढू नका. सेलची अधिक खूण कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो काढा, मग पिन हळूच बाजूला करून सेल उचला. मल्टिमीटर असेल तर मोजा: नवा सेल ३ व्होल्ट किंवा थोडं जास्त दाखवतो, अडीचच्या आसपास आलेला संपल्यातच जमा. सेल बोर्डाला डाग देऊन बसवलेला दिसला तर तिथंच थांबा आणि झाकण लावून दुकानात न्या.

जुना सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलानं गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजते. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून वर ठेवा. मुलानं गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता दवाखाना गाठा.

इंटरनेट नसलेल्या ठिकाणी

शेतातली खोली, गोठा, माळावरचं गोडाऊन. इथं एनटीपी नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला फरक मोजा, लिहा, हातानं जुळवा. तीन महिन्यांत तुमच्या यंत्राची चाल तुम्हाला पाठ होईल. कुणालाही जायला जमलं नाही तरी मधल्या कुठल्याही दिवसाचा फरक हिशेबानं काढता येतो.

एनव्हीआर (नेटवर्कवरून चित्र घेणारा रेकॉर्डर) आणि आयपी कॅमेरे (नेटवर्कवर चालणारे) असतील तर आणखी एक गोष्ट बघा. तिथं प्रत्येक कॅमेऱ्यालाही स्वतःचं घड्याळ असतं आणि चित्रावरचा शिक्का अनेकदा कॅमेऱ्याचा असतो, रेकॉर्डरचा नव्हे. रेकॉर्डरच्या मेन्यूत कॅमेऱ्यांची वेळ जुळवण्याचा पर्याय शोधा. तो नसेल तर प्रत्येक कॅमेऱ्यात जाऊन एनटीपी भरा.

पोलिसांना रेकॉर्डिंग द्यावं लागलं तर

चुकलेल्या वेळेचं रेकॉर्डिंगही द्या, त्यात काहीही बदलू नका. पंचनाम्याच्या वेळी डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ, दोन्ही सांगा आणि तो फरक लेखी नोंदवून घ्यायला सांगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. रेकॉर्डिंग कुठल्या यंत्रातून आलं, ते तेव्हा नीट चालू होतं का, हे त्यात येतं. तुमच्याकडं तारीखवार लिहिलेला फरक असेल तर तिथं अडखळावं लागत नाही.

काकूंच्या कपाटाच्या दारावर आतून मी एक कागद चिकटवलाय. वर पासवर्ड कुठल्या वहीत आहे ते, खाली सेल बदलल्याची तारीख आणि त्याखाली चार रकाने. दर पहिल्या तारखेला काकू चष्मा लावून मोबाइल कॅमेऱ्यासमोर धरतात आणि मग स्वतःच्या हातानं रकाने भरतात. गेल्या सात ओळींत फरकाच्या रकान्यात शून्य आहे.